पोट उघडायचं कधी?

1936 सालच्या जानेवारीत रडयार्ड किपलिंग लंडनच्या ब्राउन्स हॉटेलात उतरले होते. वय सत्तर. मुंबईत, जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारात जन्मलेल्या या लेखकाला पोटदुखीनं वीसेक वर्षं पिडलं होतं. डॉक्टर बदलले, तर्क बदलले. मध्ये एकदा दुखण्याचं मूळ दातांत आहे असं ठरून त्यांचे सगळे दात काढून टाकले गेले, आणि दुखणं होतं तिथंच राहिलं. अखेर 1933 मध्ये पॅरिसच्या डॉक्टरांनी अल्सरचं निदान केलं. 12 जानेवारीच्या रात्री पोटात रक्तस्राव झाला, मिडलसेक्स हॉस्पिटलात शस्त्रक्रिया झाली आणि 18 तारखेला किपलिंग गेले. मृत्यूचं कारण म्हणून फुटलेल्या अल्सरची नोंद झाली. दोनच दिवसांनी राजा पाचवा जॉर्जही गेला.

त्याच मिडलसेक्स हॉस्पिटलात त्या काळी गॉर्डन गॉर्डन-टेलर नावाचे सर्जन होते. (नाव दोनदा आलंय, पण ती छपाईची चूक नाही.) अल्सरमधून रक्त वाहणारा रुग्ण फिजिशियनच्या वॉर्डात वाट बघत पडून राहतो आणि सर्जनच्या हाती येतो तो जवळजवळ पांढरा पडल्यावर, ही त्यांची तक्रार. त्यावर ते सातत्यानं लिहीत-बोलत होते. दाखला द्यायचे व्हिएन्नाच्या हान्स फिन्स्टररचा. फिन्स्टररचं म्हणणं, पहिल्या 48 तासांत शस्त्रक्रिया केली तर रुग्ण वाचतात, त्यानंतर केली तर बरेच दगावतात. समोरच्या पक्षाचं उत्तरही तितकंच रोखठोक होतं: पहिल्या 48 तासांत ज्यांचं पोट उघडता, त्यांतल्या बहुतेकांचं रक्त आपोआपच थांबणार होतं.

दोघांचंही खरं होतं, आणि म्हणूनच हा वाद इतका लांबला. या शस्त्रक्रियेचा इतिहास वाचताना एक गोष्ट पुन्हापुन्हा समोर येते. कापायचं कसं, हे सर्जनना बऱ्यापैकी लवकर उमगलं होतं. कधी कापायचं, यावर मात्र शंभर वर्षं गेली, आणि ते आजही पुरतं मिटलेलं नाही.

आधी थोडं पोटाच्या आत जाऊन येऊ. जठर जिथं संपतं तिथून लहान आतड्याचा पहिला भाग सुरू होतो. डॉक्टर त्याला ड्युओडेनम म्हणतात. जठरातलं आम्ल सगळ्यात आधी इथंच येऊन पडतं. इथल्या पुढच्या भिंतीवर व्रण झाला आणि खोल गेला, तर भोक पडतं आणि आतलं सगळं पोटाच्या पोकळीत सांडतं. व्रण मागच्या भिंतीवर असेल तर भोक पडायला जागाच नसते, कारण मागे स्वादुपिंड चिकटलेलं असतं. पण नेमकी त्याच जागी, ड्युओडेनमच्या पाठीला लागून, एक धमनी वरून खाली जाते. तिचं लांबलचक नाव गॅस्ट्रोड्युओडेनल आर्टरी. सर्जन मंडळी ‘जीडीए’ म्हणून मोकळी होतात. जाडी तीन-चार मिलिमीटर. व्रण हळूहळू कोरत तिच्या भिंतीपर्यंत पोचतो आणि तिला कडेला भोक पाडतो. आरपार तुटलेली धमनी आकसून मिटू तरी शकते. कडेला भोक पडलेली धमनी आकसू शकत नाही, आणि जुन्या व्रणाच्या निबर तळात ती जखडलेलीही असते. जठरात व्रण असेल तर बहुधा डाव्या बाजूच्या जठरधमनीच्या फांद्या फुटतात. गोष्ट तीच.

मग रक्ताची उलटी होते, ताज्या लाल रक्ताची किंवा आम्लानं करपलेली कॉफीच्या गाळाच्या रंगाची. किंवा उलटी होतच नाही, रक्त खाली उतरतं आणि डांबरासारखी काळी, चिकट, उग्र वासाची शी होते. शंभर मिलिलिटरच्या आतबाहेर रक्त गेलं तरी असा रंग येऊ शकतो. लोहाच्या गोळ्या खाणाऱ्यांचीही शी काळी होते. पण ती चिकट नसते आणि तिला तो वास नसतो. कॅज्युअल्टीतल्या जुन्या सिस्टर दारातूनच तो वास ओळखतात. घरचे मात्र ‘पोट बिघडलंय’ म्हणून दोन दिवस काढतात. तरुण माणसाच्या नाडीचा वेग तेवढा वाढत जातो आणि रक्तदाब बराच वेळ तग धरतो, तो खाली येईपर्यंत शरीरातलं तीस टक्के रक्त गेलेलं असतं. म्हाताऱ्याला तेवढी सवलत नसते.

पोट उघडून जठर कापता येतं हे पहिल्यांदा निभावून दाखवलं ते थिओडोर बिलरोथनी. व्हिएन्ना, 29 जानेवारी 1881. रुग्ण थेरेसे हेलर नावाची बाई, जठराच्या तोंडाशी कर्करोग. त्याआधी पॅरिसमध्ये पेआँनी 1879 मध्ये आणि पोलिश सर्जन लुडविक रिडिगिएर यांनी 1880 मध्ये हाच प्रयत्न केला होता, आणि दोघांचेही रुग्ण वाचले नव्हते. बिलरोथची रुग्ण वाचली. चारेक महिन्यांनी कर्करोग पसरून तिचा अंत झाला, पण शिवलेलं जठर टिकतं हे सिद्ध झालं. रिडिगिएरनी हार न मानता त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात अल्सरसाठी जठराचा भाग काढून टाकण्याची शस्त्रक्रिया यशस्वी केली. पुढच्या वर्षी त्यावरचा त्यांचा लेख छापताना जर्मन नियतकालिकाच्या संपादकानं तळटीप टाकली: ही अशी पहिली शस्त्रक्रिया आहे, ती शेवटचीही ठरो! पुढची शंभर वर्षं जगभरच्या सर्जननी त्या संपादकाची इच्छा पायदळी तुडवली.

पण रक्तस्रावाच्या रुग्णाला हात लावायला तेव्हा कोणी धजत नव्हतं, आणि ते योग्यच होतं. रक्तगटांचा शोध लागला विसाव्या शतकाच्या तोंडावर. तो वापरात येऊन रक्ताच्या बाटल्या हाताशी ठेवता येईपर्यंत आणखी काही दशकं गेली. रक्त भरता येत नसताना रक्त गेलेल्या माणसाला भूल देणं म्हणजे त्याला मारणंच. मग फिजिशियन काय करत? उपाशी ठेवत. पोटाला विश्रांती द्यायची, पाण्याचा थेंबही द्यायचा नाही. शिकागोच्या बर्ट्रम सिपींनी 1915 मध्ये दर तासाला दूध आणि साय देण्याचा आहार काढला आणि तो जगभर चालला. आपल्याकडे ‘अल्सरला थंड दूध’ हा सल्ला आजही एखादी आजी देते, त्याची मुळं तिथपर्यंत जात असावीत. दुधानं घटकाभर बरं वाटतं खरं, पण नंतर आम्ल उलट वाढतं. कोपनहेगनच्या आयनार मॉयलेनग्राख्त यांनी 1930च्या दशकात हे सगळंच उलटं केलं. रक्त वाहिलेल्या रुग्णाला पहिल्याच दिवसापासून कुस्करलेलं, मऊ, पोटभर जेवण. सगळे हादरले. पण त्यांच्या वॉर्डात माणसं कमी मरत होती. उपासमारीनं अशक्त झालेल्याला रक्तस्रावाचा धक्का सोसत नाही, एवढी साधी गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानात आली होती. सर्जनच्या घाईला ‘थांबा’ म्हणणाऱ्यांच्या हाती त्यामुळे चांगलंच हत्यार आलं.

इकडे हिंदुस्थानात हा आजार वेगळ्याच प्रमाणात होता. थिओडोर हॉवर्ड सॉमरवेल हे 1922च्या एव्हरेस्ट मोहिमेतले गिर्यारोहक आणि सर्जन. मोहीम आटोपून देश बघायला म्हणून दक्षिणेत आले, त्रावणकोरमधल्या नेय्यूर गावच्या मिशन हॉस्पिटलात शिरले, तिथली गर्दी पाहिली, आणि तिथलेच झाले. मधे 1924 मध्ये पुन्हा एव्हरेस्टवर जाऊन आले. ऑक्सिजनशिवाय साडेआठ हजार मीटरपर्यंत चढले, आणि उतरताना गारठून सुटलेलं घशाचं अस्तर अडकल्यामुळे गुदमरून जाता जाता वाचले. 1922च्या मोहिमेबद्दल त्यांना ऑलिंपिक पदकही मिळालं. पण त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग गेला तो त्रावणकोरच्या शेतमजुरांच्या ड्युओडेनमवर. किपलिंग गेले त्याच 1936 साली सॉमरवेल आणि त्यांचे सहकारी ऑर यांचा अल्सरवरचा प्रबंध ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरीत आला. लंडनच्या बड्या हॉस्पिटलांना हेवा वाटावा इतके अल्सर नेय्यूरच्या त्या हॉस्पिटलात येत होते. बहुतेकांची शस्त्रक्रिया वेदना आणि अडथळ्यासाठी व्हायची. रक्तस्रावाचे रुग्ण बैलगाडीतून हॉस्पिटलपर्यंत पोचायचेच किती, हा प्रश्न त्या आकड्यांना विचारता येत नाही.

पुढे म्हैसूरच्या होल्ड्सवर्थ मेमोरियल हॉस्पिटलात काम केलेल्या फ्रँक टोव्ही या सर्जननी तर अल्सरचा नकाशाच मांडला. भात खाणाऱ्या दक्षिणेत आणि पूर्वेत ड्युओडेनमचे अल्सर भरपूर. गहू खाणाऱ्या पंजाब-राजस्थानात कमी. अल्सर करणारा जंतू पुढे सापडला, तेव्हा तो दोन्हीकडे सारखाच फोफावलेला निघाला. मग फरक कशाचा? टोव्ही अखेरपर्यंत आहाराच्या बाजूनं बोलत राहिले. काही धान्यं-कडधान्यांमधल्या स्निग्ध अंशात व्रणापासून वाचवणारं काहीतरी आहे, असं उंदरांवरच्या प्रयोगांतून त्यांच्या गटाला दिसलं, आणि त्या कडधान्यांत आपले कुळीथ होते. कोकणातल्या मंडळींनी यावर खूश व्हायला हरकत नाही. मात्र काळी शी झालेल्याला पिठी पाजत घरी बसू नये, हेही सांगून ठेवतो.

रक्त साठवायची सोय झाली, भूलशास्त्र सुधारलं, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर फिन्स्टररच्या बाजूला बळ आलं. लंडनमध्ये बाल्हमच्या सेंट जेम्स हॉस्पिटलात नॉर्मन टॅनर रक्त वाहणारी जठरं कापण्यात इतके तरबेज झाले, की परदेशातले सर्जन ते बघायला येत. अर्धंअधिक जठर काढून टाकायचं, म्हणजे व्रणही गेला आणि आम्लही गेलं. रुग्ण वाचला तरी पुढचं आयुष्य सोपं नव्हतं. जेवलं की घाम फुटतो, छातीत धडधडतं, चक्कर येते, वजन भरत नाही. जठर गेलेल्या माणसाला उरलेलं आयुष्य चार-चार घास सहा वेळा खात काढावं लागे. 1943 मध्ये शिकागोच्या लेस्टर ड्रॅगस्टेटनी दुसरा मार्ग दाखवला. आम्ल सोडण्याचा हुकूम मेंदूकडून व्हेगस नावाच्या नसेतून येतो, तर जठर कापण्यापेक्षा ती नसच तोडावी. मग जठर रिकामं व्हायला आळशी होतं, म्हणून त्याचं खालचं दार रुंद करून द्यावं. रक्तस्रावासाठीची शस्त्रक्रिया यातून बेतली गेली. माझ्या मते तीच या सगळ्या प्रकरणातली सर्वांत देखणी शस्त्रक्रिया. थोडं थांबून ती बघू.

छातीच्या पिंजऱ्याखालून बेंबीपर्यंत उभा छेद. जठर रक्तानं टम्म फुगलेलं, आतल्या गुठळ्यांमुळे निळसर दिसतं. ड्युओडेनम कडेनं मोकळं करून घेतात, म्हणजे गरज पडली तर त्याच्या मागे हात घालून धमनी दाबून धरता येते. मग जठराचं खालचं दार आणि ड्युओडेनम यांच्यावर उभा काप. गुठळ्या हातानं काढायच्या, सक्शन लावायचं, आणि कारंजं दिसलं की त्यावर बोट ठेवायचं.

आणि थांबायचं. सर्जरीच्या जुन्या मास्तरांची शिकवण अशी, की इथं घाई करणारा रुग्ण गमावतो. बोटाखाली रक्त थांबलेलं आहे. आता वेळ भूलतज्ज्ञाची. पिशव्या चढू देत, दाब वर येऊ दे, अंग गरम होऊ दे. थंड पडलेल्या शरीरात रक्त गोठत नाही. ते गोठलं नाही की आणखी वाहतं, आणि वाहिलं की शरीर आणखी थंड पडतं, रक्तात आम्ल साठतं. हे चक्र सुरू झालं की टाके कितीही सुबक घातले तरी उपयोग नसतो. रक्तदाब वर आल्यावर मग सुई. एक टाका व्रणाच्या वर, एक खाली. धमनी दोन्हीकडून बांधली. नवशिका इथं समाधान मानतो. पण या धमनीला व्रणाच्या तळातूनच स्वादुपिंडाकडे जाणारी एक आडवी फांदी असते, आणि वरखाली बांधलं तरी ती मागून रक्त पुरवत राहते. तिच्यासाठी इंग्रजी यू अक्षरासारखा तिसरा टाका आतल्या बाजूनं. सुई फार खोल गेली तर मागून जाणारी पित्तनलिका टाक्यात सापडते आणि आठवड्याभरात रुग्ण पिवळा होतो. शेवटी, उभा घेतलेला काप आडवा शिवायचा. उभा शिवला तर वाट अरुंद होते. आडवा शिवला तर तीच वाट रुंद होते. हाइनेके आणि मिकुलिच या दोघांच्या नावानं ही युक्ती ओळखली जाते. पूर्वी यानंतर व्हेगस नस तोडत. आता आम्लाचं काम गोळी करते, म्हणून ती पायरी बहुतेक गळली आहे.

व्रण जठरात असेल तर प्रकरण वेगळं. तो व्रण नसून कर्करोगही असू शकतो, म्हणून नुसतं शिवून चालत नाही. निदान एक तुकडा तरी तपासणीला पाठवावा लागतो. जमत असेल तर सबंध व्रणच कापून काढतात. आणि सगळ्यात वाईट म्हणजे दोन-तीन सेंटिमीटरचा जुनाट, निबर व्रण. त्यात टाका धरतच नाही, कडा चिरत जातात. तिथं जठराचा भाग काढून ड्युओडेनमचं तोंड बंद करावं लागतं, आणि ते बंद केलेलं तोंड पाचव्या-सहाव्या दिवशी उसवेल की काय या धाकात सर्जनची झोप जाते.

पण कधी? 1984 मध्ये बर्मिंगहॅमच्या डॉक्टरांनी रुग्णांचे चिठ्ठी टाकून दोन गट केले. एका गटात लवकर शस्त्रक्रिया, दुसऱ्यात थांबून बघणं. साठीच्या पुढच्यांमध्ये लवकर कापलेले जास्त जगले. साठीच्या आतल्यांमध्ये काहीच फरक पडला नाही, फक्त विनाकारण पोटं जास्त उघडली गेली. फिन्स्टरर आणि त्याचे विरोधक, दोघांनाही अर्धा-अर्धा निकाल मिळाला. आणि हा निकाल लागेस्तोवर खटलाच जुना झाला होता.

कारण तोवर दुर्बीण आली होती. पंजाबातल्या मोगा गावी जन्मलेले नरिंदरसिंग कपानी लंडनमध्ये हॅरल्ड हॉपकिन्स यांच्याबरोबर काम करत होते. काचेच्या केसासारख्या तंतूंच्या जुडीतून चित्र वळणावळणानं नेता येतं, हे त्या दोघांनी 1954 मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केलं. ते वाचून बेसिल हिर्शोविट्झ या दक्षिण आफ्रिकेत जन्मलेल्या डॉक्टरनी अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात तशी नळी बनवली आणि 1957 मध्ये पहिल्यांदा स्वतःच गिळली. त्याआधी जठर बघायच्या नळ्या ताठ किंवा अर्धवटच वाकणाऱ्या असत, आणि ड्युओडेनम तर दिसतच नसे. आता व्रण डोळ्यांनी दिसू लागला. 1974 मध्ये एडिंबराच्या फॉरेस्ट यांनी दिसलेल्या व्रणांची प्रतवारी लावली. उसळतं रक्त, झिरपतं रक्त, व्रणाच्या तळाशी डोकावणारी रक्तवाहिनी, चिकटलेली गुठळी, नुसता काळा डाग, स्वच्छ तळ. पहिल्या तीन प्रकारांना धोका, शेवटच्या दोघांना जवळजवळ नाही. ‘कधी’चं उत्तर पहिल्यांदाच रुग्णाच्या वयात किंवा घड्याळात न शोधता व्रणातच शोधता आलं.

आणि दिसतंय तर तिथंच काही करूही का नये? हाँगकाँगच्या प्रिन्स ऑफ वेल्स हॉस्पिटलातल्या गटानं 1988 मध्ये छापलेल्या चाचणीत, दुर्बिणीतून सुई घालून रक्त वाहणाऱ्या व्रणाभोवती अ‍ॅड्रिनलिन टोचलं. सुई मिळालेल्या 34 जणांपैकी 5 जणांना तातडीची शस्त्रक्रिया लागली. न मिळालेल्या 34 पैकी 14 जणांना. मग चटका देणारी उपकरणं आली, धमनीला चिमटा लावणाऱ्या क्लिपा आल्या. याच गटातले जेम्स लाऊ स्वतः सर्जन. दुर्बिणीनं थांबवलेलं रक्त पुन्हा वाहू लागलं तर काय, पुन्हा दुर्बीण की सरळ सुरी, हा सवाल त्यांनी 92 रुग्णांवर तपासला. 48 जणांना दुसऱ्यांदा दुर्बीण, 44 जणांची शस्त्रक्रिया. दुर्बिणीच्या गटात 35 जणांचं रक्त थांबलं, 13 जणांना अखेर कापावंच लागलं. पाच दगावले. शस्त्रक्रियेच्या गटात आठ दगावले आणि गुंतागुंत दुपटीहून जास्त झाली. 1999 मध्ये हे छापून आलं आणि ‘दुसरी संधी दुर्बिणीला’ हा जगाचा नियम झाला. त्यातलीच एक तळटीप मात्र जपून ठेवण्याजोगी: व्रण दोन सेंटिमीटरहून मोठा असेल, किंवा पुन्हा रक्त वाहताना दाब कोसळला असेल, तर दुसरी दुर्बीण बहुधा हरते. अशा वेळी थांबू नये.

औषधांची कथा सर्वांना ठाऊक आहे, म्हणून ती झटपट. जेम्स ब्लॅक यांच्या कामातून आलेलं सिमेटिडीन 1976 मध्ये ब्रिटनच्या बाजारात आलं, ओमेप्राझोल 1980च्या दशकाच्या अखेरीस. पर्थच्या रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी 1982 मध्ये अल्सरमागचा जंतू वाढवून दाखवला. दोन वर्षांनी मार्शल तो घोटभर प्यायले, आजारी पडले, आणि 2005 मध्ये दोघांना नोबेल मिळालं. दोन आठवड्यांच्या गोळ्यांनी जो आजार जातो, त्यासाठी तीन पिढ्यांनी आपली जठरं दिली होती. सर्जननी हे फार मोठ्या मनानं स्वीकारलं असं म्हणवत नाही.

मग आज शस्त्रक्रिया कोणाची होते? ब्रिटनमध्ये 2007 साली देशभरच्या हॉस्पिटलांची पाहणी झाली. वरच्या पचनमार्गातून रक्त वाहणाऱ्या शंभरांपैकी जेमतेम दोघांची शस्त्रक्रिया झाली होती. आणि ज्यांची झाली, त्यांच्यापैकी सुमारे तीस टक्के दगावले. सुरी बोथट झाली असा याचा अर्थ नाही. ज्यांना दुर्बीण, क्लिप, औषध, रक्त यांपैकी कशानंच आवरलं नाही, तेवढेच टेबलापर्यंत येतात. वय पंचाहत्तर, हृदयात स्टेंट, मूत्रपिंडं थकलेली, गुडघेदुखीसाठी वर्षानुवर्षं मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेल्या गोळ्या, आणि ड्युओडेनमच्या मागच्या भिंतीवर मोठा व्रण. जंतूचा अल्सर मागे हटतोय, गोळ्यांचा पुढे सरकतोय. आपल्याकडे दोन्ही एकाच घरात सापडतात.

त्यात टेबलाच्या या बाजूचं दुखणं. टॅनरच्या काळचा सर्जन आठवड्याला जठरं कापत होता. आजचा रेसिडेंट एम.एस.ची तीन वर्षं संपवतो तेव्हा ही शस्त्रक्रिया त्यानं एकदोनदा, तीही जखम उघडी ठेवणारा हूक धरून, पाहिलेली असते. तिसऱ्या टाक्याबद्दल त्याला परीक्षेत विचारतात आणि तो बिनचूक उत्तर देतो. पण रात्री दोन वाजता सक्शनच्या नळीत रक्त खळाळत असताना ती फांदी नेमकी कुठं आहे, हे बोटांना माहीत असावं लागतं. याला तोड म्हणून मोठ्या शहरांत आता रेडिऑलॉजिस्ट पुढे आले आहेत. जांघेतल्या धमनीतून बारीक नळी चढवत जीडीएपर्यंत जायचं आणि ती आतूनच बुजवायची. पोर्टलँडच्या योसेफ रोश आणि चार्ल्स डॉटर यांनी 1972 मध्येच याचा मार्ग दाखवला होता. चांगला एंडोस्कोपिस्ट हरताना व्रणाच्या कडेला एक धातूची क्लिप मुद्दाम सोडून येतो. रक्त तात्पुरतं थांबलेलं असलं तरी एक्स-रेच्या पडद्यावर रेडिऑलॉजिस्टला ठिकाण सापडतं. यात रक्त पुन्हा वाहण्याचं प्रमाण सुरीपेक्षा जास्त, पण गुंतागुंत कमी. पंचाहत्तरीच्या रुग्णासाठी हा सौदा बहुधा फायद्याचा.

पण त्यासाठी ते यंत्र आणि तो माणूस गावात असावा लागतो, आणि रात्री जागा असावा लागतो. महाराष्ट्रात तालुक्याच्या रुग्णालयातून जिल्ह्याला आणि जिल्ह्याहून मेडिकल कॉलेजला पाठवणं चालतं, त्यात ‘कधी’ हे डॉक्टरपेक्षा रस्ता ठरवतो. म्हणून पहिल्या तासात काय करायचं आणि काय नाही, हे महत्त्वाचं. दोन्ही हातांना जाड सुया, सलाईन, रक्तगट आणि क्रॉसमॅच, आम्ल कमी करणाऱ्या ‘पॅन्टॉप’चं इंजेक्शन, आणि फोन. दाब स्थिर असेल तर रक्ताची बाटली आकडा पाहूनच. बार्सिलोनात 921 रुग्णांवर झालेल्या 2013च्या चाचणीत, हिमोग्लोबिन सातच्या खाली गेल्यावरच रक्त दिलेले रुग्ण नऊच्या खाली गेल्यावर दिलेल्यांपेक्षा जास्त जगले. सहा आठवड्यांनी 95 टक्के विरुद्ध 91. रक्त कोसळत असेल तेव्हा हा हिशोब लागू नाही, तेव्हा भरायचंच. आणि ‘ट्रानेक्सा’. पचनमार्गातल्या रक्तस्रावात ट्रानेक्सॅमिक अ‍ॅसिड मदत करतं का, हे बारा हजार रुग्णांवर तपासून झालं; 2020 मध्ये उत्तर आलं की मृत्यू कमी होत नाहीत, शिरांत गुठळ्या आणि झटके मात्र वाढतात. तरीही रक्त म्हटलं की ती कुपी फोडायला हात जातोच. सवय.

घाईबद्दलही एक निकाल लाऊंच्याच गटाकडून आला. धोक्याच्या रुग्णांना सहा तासांच्या आत दुर्बीण, की त्यानंतर चोवीस तासांच्या आत? 516 रुग्ण, 2020 साल. लवकर केलेल्यांत मृत्यू कमी झाले नाहीत, 8.9 टक्के, उशिरावाल्यांत 6.6. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरणारा नाही, पण घाईची बाजू त्यातून सिद्ध झाली नाही हे नक्की. आधी माणूस सावरा, दाब वर आणा, मग दुर्बीण. ज्यांना सावरताच येत नव्हतं, असे रुग्ण त्या चाचणीत घेतलेच नव्हते. त्यांना घाई लागतेच.

रक्त थांबलं, टाके घातले, पेशंट वॉर्डात आला. जंतूची तपासणी करायची. रक्तस्राव चालू असताना ती खोटी ‘नाही’ सांगू शकते, म्हणून पुढे पुन्हा करायची. वेदनाशामक बंद. आणि इथं बहुतेक घरांत एक ठाम निर्णय होतो, कधीकधी डॉक्टरच्याही तोंडून: त्या रक्त पातळ करायच्या गोळीनंच हे झालं, आता ती आयुष्यात नको. हृदयात स्टेंट असलेल्या माणसाची अ‍ॅस्पिरिन अशी बंद होते. हाँगकाँगमध्येच जोसेफ सुंग यांच्या गटानं याचाही हिशोब मांडला. हृदयविकार किंवा पक्षाघाताचा इतिहास असलेल्या, अल्सरमधून रक्त वाहिलेल्या 156 जणांवर दुर्बिणीनं उपचार केले, सगळ्यांना आम्ल कमी करणारं औषध दिलं, आणि त्यांचे दोन गट केले. एका गटाची अ‍ॅस्पिरिन लगेच सुरू, दुसऱ्याला तिच्याऐवजी बिनऔषधाची गोळी. अ‍ॅस्पिरिनवाल्यांत महिनाभरात पुन्हा रक्त वाहणारे 10.3 टक्के, दुसऱ्या गटात 5.4. आणि आठ आठवड्यांत मेलेले? अ‍ॅस्पिरिनवाल्यांत 1.3 टक्के, बंद ठेवलेल्यांत 12.9.

म्हणून स्टेंट किंवा जुना हार्ट अटॅक असलेल्या घरच्या माणसाला घेऊन निघताना डिस्चार्ज कार्ड नीट बघावं. अ‍ॅस्पिरिन कोणत्या तारखेपासून पुन्हा सुरू करायची हे त्यावर लिहिलेलं असलं पाहिजे. बहुधा ती तारीख काही दिवसांचीच असते, महिन्यांची नाही. लिहिलेली नसेल तर बिलाच्या खिडकीकडे जाण्याआधी वॉर्डात परत जाऊन, हृदयाच्या डॉक्टरांना फोन लावायला सांगून, ती लिहून घ्यावी.